एकसष्टावं मूल

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे साडेतीन. लालबागच्या एका चाळीचा दुसरा जिना चढताना आमच्या मोठ्या बाई मधल्या वळणावर थांबल्या. पिशवी पायरीवर ठेवली, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "मी नोकरीला लागले तेव्हा पालक चिठ्ठी घेऊन यायचे, आमच्या पोराला वर्गात बसवून घ्या म्हणून. आता जिने मी चढते."

पिशवीत एक लांबट वही होती, शाळेची पत्रकं होती, पाण्याची बाटली होती आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. वहीत रकाने आखलेले: मुलाचं नाव, जन्मतारीख, बालवाडी कुठे, आणि शेवटी 'शेरा'. बाकीचे रकाने बहुतेक कोरे होते. शेरा मात्र ओळीने भरत चालला होता.

पहिल्या दारात आजी. नातू आहे, पण तो डोंबिवलीला. शेरा: डोंबिवली. दुसऱ्या दारात ओला हात साडीला पुसत आलेली तरुण आई. "म्युनिसिपाल्टीची का? नाही हो बाई, आम्ही कॉन्व्हेंटला फॉर्म भरलाय." शेरा: इंग्रजी. तिसऱ्या दाराला कुलूप. चाळ पुनर्विकासात जाणार म्हणून भाडं घेऊन लोक आधीच बाहेर पडलेत. चौथ्या दारात एक काका भेटले. ते आमच्याच शाळेत शिकलेले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा टाकायला सांगितला, शाळेच्या मैदानातल्या पिंपळाची चौकशी केली, त्यांच्या वेळच्या गुरुजींची आठवण काढताना त्यांचा आवाजही जड झाला. नात साडेपाच वर्षांची आहे, ती कुठल्या शाळेत जाणार असं बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती इंग्रजीत. आमच्या सूनबाईंनी ठरवलंय." आणि निघताना जिन्यापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "पण आपली शाळा बंद पडता कामा नये हं बाई."

बाईंनी त्यांच्या नावापुढे शेऱ्यात काही लिहिलं नाही.

त्या दुपारी आम्ही बेचाळीस दारं वाजवली. नावं मिळाली तीन.

मी शिक्षिका नाही. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझी मुलगी तेव्हा या शाळेत तिसरी पास होऊन चौथीत चालली होती आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. सकाळची पाळी संपवून मी बाईंबरोबर फिरायला लागले त्याचं कारण साधं आहे. मोठ्या बाई एकट्या गेल्या की लोक त्यांना 'शाळेच्या बाई' म्हणून आदराने पाणी देतात आणि खोटं बोलतात. सोबत एखादी आई असली की खरं बोलतात.

मी मुलीला महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं ते २०२२ च्या जूनमध्ये. त्या वर्षी मुंबईभर महापालिकेची 'मिशन अ‍ॅडमिशन' मोहीम जोरात होती; एक लाख नवे प्रवेश हे लक्ष्य होतं आणि 'लक्ष' या शब्दावरच घोषणा बेतलेली होती. मी त्या घोषणेला भुलले असं काही नाही, आणि मराठीच्या अभिमानापोटी हा निर्णय घेतला असंही सांगणार नाही. नवरा आणि मी दोघं पाळीत काम करतो. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, सासूबाई चालत जाऊन मुलीला आणू शकत होत्या. फी नाही. दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून सत्तावीस वस्तू मिळतात. गणित पहिलीपासून इंग्रजीतून. आणि मी एकदा न सांगता शाळेत गेले होते तेव्हा एक बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, समोर चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग होते आणि सगळी पोरं त्या ढिगांवर वाकलेली होती. मला तेवढं पुरलं.

नणंदेला पुरलं नाही. "दोघांना पगार मिळत नाहीत का रे?" असं तिने माझ्या नवऱ्याला फोनवर विचारलं होतं.

शाळेची इमारत चार मजली, दगडी पायाची. मुंबईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की इथे एका इमारतीत एकच शाळा असते असं नाही. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवते. आमच्या इमारतीत तळाला नि पहिल्या मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर हिंदी आणि उर्दू, तिसऱ्यावर इंग्रजी. मैदान एक, नळ एक, खिचडीची गाडी एक, घंटा मात्र वेगवेगळ्या. एका शाळेची मधली सुट्टी झाली की दुसऱ्या शाळेची पोरं खिडकीला लटकतात.

वरच्या मजल्यावरची इंग्रजी शाळा भरलेली. तिथेही मुलं आमच्याच चाळींतली आणि झोपड्यांतली आहेत, आणि त्यांनाही बसायला बाक लागतो. म्हणून 'तुमचा पट कमी, खोली द्या' हे वाक्य आम्ही ऐकलं तेव्हा भांडायचं कुणाशी, हेच कळेना. आधी चित्रकलेची खोली गेली. मग वाचनालयाची कपाटं जिन्याखाली आली. जिन्याखाली पावसात ओल येते. गोष्टींची पुस्तकं आम्ही आया घरी नेऊन इस्त्रीने वाळवली आहेत.

पट हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. त्याच्यात एवढं काही भरलेलं असेल असं समितीवर जाईपर्यंत माहीत नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी हिशेब दिला आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, एक्याण्णव ते एकशेवीसला चार. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक. दरवर्षी शाळेच्या शिक्षकांची पदं या हिशेबाने ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. तो हिशेब करताना ३० सप्टेंबरचा पट धरतात. पद कमी झालं की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं 'समायोजन' होतं, म्हणजे तो दुसऱ्या शाळेत जातो. मार्च २०२४ मध्ये राज्याने संचमान्यतेचे निकष बदलले तेव्हा शिक्षक संघटनांनी मोठा विरोध केला. पालकांपैकी फारच थोड्यांना तेव्हा कळलं, की हा आपल्या मुलांच्या वर्गाचा प्रश्न आहे.

आमच्या शाळेत पहिली ते पाचवीला तीन बाई होत्या. पाच वर्ग, तीन बाई. पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, पाचवी वेगळी. तीनच्या दोन झाल्या तर काय होतं ते मला बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. खडूने फळ्याचे तीन उभे भाग केले. "इथे तिसरीची बेरीज, इथे चौथीचा भागाकार, इथे पाचवीचे अपूर्णांक. मी एका भागापाशी उभी राहिले की दोन वर्ग पाठीमागे."

साठ मुलं असली की दोन बाई, एकसष्ट असली की तीन. म्हणजे आमच्या मुलांचं वर्ष एका मुलावर टांगलेलं. एप्रिलमध्ये पाचवीची मुलं सहावीत गेल्यावर दुसरी ते पाचवी मिळून आमच्याकडे चव्वेचाळीस उरत होती. पहिलीला सतरा हवी होती.

१६ जूनला शाळा उघडली. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल, औक्षण, पाहुणे, फोटो. पाहुण्यांत दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं होती आणि दोघांनी वह्या आणल्या होत्या. मुंबईत जून उजाडला की वह्यांच्या कव्हरवर नेते उगवतात. माझ्या मुलीने मराठीची वही एका पक्षाची केली, गणिताची दुसऱ्या. घरी तिने मला विचारलं, "आई, हे काका रोज माझ्या दप्तरात का असतात?" फोटो काढून झाल्यावर दोघांपैकी एका पाहुण्याने मोठ्या बाईंना विचारलं, "पहिलीला किती?" बाई म्हणाल्या, "अकरा." "फक्त?" ते म्हणाले, आणि गाडीकडे वळले.

पंचावन्न.

महापालिकेत तेव्हा नगरसेवकच नव्हते. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती आणि तेव्हापासून प्रशासक. पालक म्हणून याचा अर्थ असा, की शिक्षण समिती नाही, तिथे उठून बोलणारं कुणी नाही. एरवी नळ फुटला तर नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसायची सोय असते. तो काम करो न करो, त्याला पुढच्या वेळी आपलं मत हवं असतं. त्या काळात आमचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिले. टेबलामागची माणसं सभ्य होती. पण माझ्या मताची त्यांना गरज नव्हती.

राजकारण थांबलं होतं असं मात्र नाही. त्याच जूनमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र पेटला होता. २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले आणि ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. आमच्या चाळीतून त्या मेळाव्याला दोन टेम्पो गेले. संध्याकाळी लोक परतले तेव्हा घसे बसले होते, चेहरे फुलले होते. मला त्यांची थट्टा करायची नाही. पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये असं मलाही वाटत होतं, बाईंनाही. पण सोमवारी सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं तर त्याच टेम्पोंच्या जागी पिवळ्या बस उभ्या होत्या आणि मेळाव्याहून आलेले बाप पोरांना बसमध्ये चढवत होते. बस गेल्यावर एकाला मी विचारलंच. तो ओशाळला नाही. म्हणाला, "वहिनी, मराठी घरात आहेच की. इंग्रजी घरात कोण शिकवणार?"

या प्रश्नावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी एवढंच म्हणाले, की माझ्या मुलीला इंग्रजीतलं गणित येतं, ये आणि बघ. तो आला नाही. लोकांना पुरावा नको असतो. चार शेजाऱ्यांची मुलं जातात तीच बस हवी असते. आणि यात त्यांचंच चुकतं असं म्हणायला जीभ धजत नाही, कारण मराठी शाळेत कोण राहिलं आहे हे तेही पाहतात. ज्यांना निवड करता येते ते गेलेले आणि ज्यांना करता येत नाही ते उरलेले, असं चित्र एकदा तयार झालं की उरणं ही लाजेची गोष्ट होते.

गिरणगावाची शाळा रिकामी होण्यात भाषेइतकाच जागेचा हात आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या मिटत गेल्या, भोंगे थांबले, त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. कामगारांची मुलं कल्याण-डोंबिवली-विरारच्या गाड्यांत बसली. आता चाळी पुनर्विकासात चालल्या आहेत. घर तीन-चार वर्षांसाठी म्हणून रिकामं होतं, पण तेवढ्या काळात मुलाची पहिली ते चौथी दुसरीकडे होऊन जाते. शाळेच्या अंगणात उभं राहिलं की चारही बाजूंना क्रेन दिसतात. त्या क्रेनखालच्या टॉवरमधून आमच्याकडे मूल येणार नाही हे माहीत आहे. क्रेन चालवणाऱ्याचं, सळ्या बांधणाऱ्याचं मात्र येऊ शकतं. हे आम्हाला उशिरा सुचलं.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के प्रवेशांचे नियम बदलले होते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खासगी शाळेला त्या जागा देण्यातून सूट. माझ्या शेजारणीने त्या सोडतीवर सगळी आशा लावली होती. ती रडकुंडीला आलेली, म्हणाली, "ताई, म्हणजे माझ्या पोराला तुमच्या शाळेतच यायला लावणार." मी तिची समजूत काढत होते आणि मनात हिशेब चालू होता: या गल्लीतून सोडतीला बसणारी सात-आठ मुलं तरी असतील, ती आपल्याकडे येतील. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तिच्या मुलाला प्रवेश मिळाला, तिने पेढे दिले. मी पेढा खाल्ला. दुसऱ्या आईचा हक्क गेला तर आपला पट वाढेल, या विचाराने मी चार महिने आत कुठेतरी खूश होते, हे मला त्या पेढ्याने सांगितलं. शाळा वाचवायला निघालेल्या माणसाचंही असं होतं.

पटाच्या मागे लागून काय काय झालं आहे ते या राज्याने पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सलग तीन दिवस महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदारांसारखी शाई लावली. कागदावर असलेली लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्या मुलांच्या नावावर तुकड्या, अनुदान, पगार निघत होते. आमच्या मोठ्या बाई तेव्हा तरुण होत्या. त्या सांगतात, की पहिलीतली एक मुलगी शाई पुसायला पाटी पुसायचं फडकं घेऊन बसली होती आणि रडत होती, कारण तिला वाटलं आपण काहीतरी चूक केली म्हणून खूण केली.

त्या लबाडीची किंमत आता खरी मुलं भरतात. मूल वर्गात बसलेलं असून भागत नाही. त्याची नोंद पोर्टलवर हवी, आधार हवं आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख, लिंग शाळेच्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवं. आमच्या रजिस्टरमध्ये 'वैष्णवी' आहे, आधारवर इंग्रजीत एक अक्षर कमी. ती मुलगी रोज पहिल्या बाकावर बसते, हात वर करते, कविता म्हणते. पोर्टलला ती पटत नव्हती. जुलैभर माझं आणि समितीतल्या आणखी दोन आयांचं काम हेच: आधार केंद्राच्या रांगा.

समिती म्हणजे काय तेही सांगते, कारण बहुतेक पालकांना आपण तिच्यात बसू शकतो हे माहीत नसतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे बारा ते सोळा सदस्य, त्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, हजेरीवर, खर्चावर, पोषण आहारावर लक्ष ठेवायचं. हे कायद्यातलं. प्रत्यक्षात मी पहिल्या सभेला गेले तेव्हा इतिवृत्त आधीच लिहिलेलं होतं आणि त्यात 'सर्वानुमते' हा शब्द सहा वेळा होता. मोठ्या बाईंचाही नाइलाज होता. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आया दुपारी अकराला येणार कशा? आम्ही सभा संध्याकाळी साडेसहाला ठेवली. पहिल्यांदा नऊ जणी आल्या. एकीने विचारलं, "पोरं घरापर्यंत सोडायला रिक्षा मिळंल का?" पिवळ्या बसचं मोल सगळ्यांत आधी तिला कळलं होतं. आराखड्यात आम्ही तो मुद्दा पहिला लिहिला. अजून तो तिथेच आहे, पहिला.

जुलैमध्ये दोन भावंडं आली, बापाची नोकरी गेल्याने खासगी शाळेची फी थकलेली. त्याच आठवड्यात एक मुलगी विरारला गेली. छप्पन्न. ऑगस्टमध्ये तीन जण. एकोणसाठ. गणपतीत अर्धी शाळा कोकणात. आमच्या तीन बाईंपैकी एकींकडे तेव्हा बीएलओचं, मतदार याद्यांचं काम होतं. कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्या तीन कामांना शिक्षक देता येतो, म्हणजे त्यात नियमबाह्य काही नव्हतं. फक्त त्या ज्या दारांवर पहिलीची मुलं शोधायला गेल्या होत्या, त्याच दारांवर पुन्हा मतदार शोधायला जात होत्या आणि तेवढ्या वेळात त्यांच्या वर्गात मी किंवा दुसरी कुणी आई पाढे म्हणवून घेत होतो. पालकांनी ते पाहिलं. "तिकडे बाई वर्गावर नसतात" हे वाक्य चाळीत फिरायला एक दिवस पुरला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एप्रिलमधल्या दुसऱ्या दारातली ती तरुण आई आली. कॉन्व्हेंटच्या यादीत नंबर लागला नव्हता. साठ.

एकसष्टावा मला सापडला तो शाळेसमोरच. टॉवरच्या कुंपणाच्या पत्र्याला फट होती, त्यातून एक मुलगा आमच्या पोरांची लंगडी बघत बसायचा. नऊ वर्षांचा. बाप सळ्या बांधायच्या कामावर, कुटुंब जालना जिल्ह्यातलं. गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीपर्यंत गेला होता, मग आईबापांबरोबर इकडे. कायदा अशा मुलासाठी स्पष्ट आहे: वयानुरूप वर्गात बसवायचं, दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी त्याला चौथीत बसवला, माझ्या मुलीच्या मागच्या बाकावर. पण वर्गात बसणं वेगळं आणि पटावर येणं वेगळं.

आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेत दुसरीच. शिवाय पोर्टलवर तो अजून गावच्या शाळेत होता. तिथल्या मुख्याध्यापकांनी ऑनलाइन सोडल्याशिवाय आमच्याकडे येणार नव्हता. त्या सरांना सोडायला जिवावर आलं होतं. फोनवर ते मोकळेपणाने म्हणाले, "ताई, माझ्याकडं एकोणीस पोरं हायेत. एक गेलं की अठरा." २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळा असल्याचं आणि त्या 'समूह शाळां'त आणायची योजना असल्याचं आपण बातमीत वाचलं. त्यातली एक शाळा माझ्याशी फोनवर बोलत होती. मी एका शाळेचा शिक्षक टिकवायला दुसऱ्या शाळेचं मूल मागत होते. दोन गरीब घरांनी एकाच भांड्यासाठी भांडावं तसं.

सरांनी शेवटी सोडलं. "पोरगं तिकडंच ऱ्हाणार तर तिकडंच शिकू द्या," म्हणाले.

आधारच्या दुरुस्तीसाठी बाप दोन दिवस केंद्रावर बसला. त्याचा रोज बुडाला. बांधकामावर रोजाला हजेरीच म्हणतात. पोराची हजेरी लागावी म्हणून बापाची हजेरी बुडाली. आम्ही समितीच्या आयांनी वर्गणी काढून पैसे दिले तेव्हा तो घेईना, मग घेतले. २६ सप्टेंबरला दुपारी मोठ्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. एकसष्ट. आम्ही भजी मागवली.

त्या रात्री मला झोप लागेना. तो मुलगा बासष्टावा असता तर मी आधार केंद्रावर दोन दिवस गेले असते का? तो जूनपासून त्या फटीतून बघत होता असं नंतर कळलं. जूनमध्ये मी त्या पत्र्यावरून रोज गेले होते आणि मला तो दिसला नव्हता.

तो शाळेत रमला. वाचायला अडखळायचा, पण सळ्यांची मोजणी बापाबरोबर केलेली असल्याने पाढे तोंडावर. माझ्या मुलीला त्याने बाराचा पाढा पाठ करायची युक्ती शिकवली. तिसऱ्या बाई टिकल्या. पाचवीचे अपूर्णांक पाचवीच्या वर्गात शिकवले गेले.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली. आमची शाळा मतदान केंद्र. वर्गात माझ्या मुलीचा बाक भिंतीला लावलेला, तिथे मतदान यंत्र. प्रचारात मराठी माणूस, मराठी भाषा, मराठी महापौर असं खूप काही ऐकलं होतं. मत मागायला आलेल्या तिन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना मी एकच प्रश्न विचारला होता: आपल्या वॉर्डातल्या मराठी शाळेच्या पहिलीत किती मुलं आहेत? एकाने "भरपूर" सांगितलं. दुसऱ्याने "बघून सांगतो" म्हटलं. तिसऱ्याने माझा नंबर लिहून घेतला.

पट कमी झाला म्हणून शिक्षक काढतात, शिक्षक गेला म्हणून पालक जातात, पालक गेले म्हणून पट कमी होतो. ही साखळी कुठेतरी तोडायची असेल तर ती तोडायची ताकद पालकाकडे सगळ्यांत कमी आहे. शाळेच्या आवारात चांगली बालवाडी, घरापर्यंत बस, निवडणुकीच्या कामाला शिक्षकाऐवजी दुसरं माणूस, आणि पट घसरला तरी निदान तीन वर्षं शिक्षक न हलवण्याची हमी: मागण्या एवढ्याच आहेत. यांतली एकही नाही आणि ३० सप्टेंबरला आकडा मात्र विचारतात, तर तो आकडा मागणीचा नसतो, दुर्लक्षाचा असतो. आणि ज्यांना आपली शाळा बंद पडू नये असं मनापासून वाटतं त्या काकांना माझी विनंती आहे, की नातीचं राहू द्या. महिन्यातून एकदा संध्याकाळी साडेसहाला सभेला येऊन बसा. प्रश्न विचारणारी माणसं बसली आहेत हे दिसलं तरी बरंच काही हलतं.

टॉवरचं सळ्यांचं काम जानेवारीच्या अखेरीस संपलं आणि ते कुटुंब पनवेलच्या बाजूला गेलं. मुलाने जाताना पुस्तकं परत आणून दिली, बाईंनी ती त्यालाच ठेवायला सांगितली. मागचा बाक दोन आठवडे रिकामा राहिला. बाईंनी नाव कापलं नव्हतं; हजेरीत रोज गैरहजर लावत होत्या आणि पोर्टल उघडून बघत होत्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर तिकडच्या एका शाळेची मागणी पोर्टलवर आली. म्हणजे तो कुठेतरी शाळेत जाऊन बसला होता. बाईंनी मला फोन केला, आणि मी पोचायच्या आत मंजुरीचं बटण दाबलेलं होतं. पट साठ झाला.